ईव्हीचा अलार्म वाजला आणि गाडी जंगलात थांबली: मोटर कंट्रोलरचे इशारे कसे ओळखायचे?

मे महिन्यातली दुपार. मूलहून चंद्रपूरकडे निघालेली इलेक्ट्रिक स्कूटर. केळझर मागे पडलंय, चिचपल्ली अजून यायचंय आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल. अचानक डिस्प्लेवर पिवळा दिवा लागतो, बीप-बीप सुरू होते, वेग ४५ वरून २० वर येतो. मूठ कितीही पिळली तरी गाडी त्यापुढे जात नाही.

अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. गाडी बंद-चालू करून तशीच दामटतात, किंवा पहिल्या मेकॅनिकने 'कंट्रोलर गेला' म्हटलं की काही हजार रुपये मोजून नवा कंट्रोलर बसवतात. पंधरा दिवसांनी तोच अलार्म पुन्हा वाजतो. कारण बिघाड कंट्रोलरमध्ये नव्हताच. मागच्या चाकाचा ब्रेक अडकून घासत होता, मोटर जास्त करंट ओढत होती आणि त्यामुळे कंट्रोलर तापत होता.

मोटर कंट्रोलरच्या अलार्मबद्दल लक्षात ठेवायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. त्रास कुठे जाणवतोय हे अलार्म सांगतो. तो त्रास कशामुळे होतोय हे बहुतेक वेळा शोधावं लागतं. चंद्रपूर आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत, जिथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, पावसाळ्यात रस्ते पाण्याखाली जातात आणि भामरागड किंवा सिरोंचाहून जिल्ह्याचं ठिकाण दीडशे किलोमीटरहून लांब पडतं, तिथे हे शोधता येणं जास्तच गरजेचं आहे.

मोटर कंट्रोलर म्हणजे नेमकं काय?

बॅटरीतून येणारी वीज डीसी असते, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. ईव्हीची मोटर मात्र तीन वायरींवर चालते आणि त्या तिन्हींना आळीपाळीने वीज द्यावी लागते. हे काम कंट्रोलर करतो. त्याच्या आत किमान सहा इलेक्ट्रॉनिक स्विच असतात. स्कूटर आणि ई-रिक्षात त्यांना मॉसफेट म्हणतात, कार आणि बसमध्ये बहुतेक वेळा आयजीबीटी वापरतात. हे स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात.

कोणत्या क्षणी कोणत्या वायरला वीज द्यायची हे ठरवण्यासाठी कंट्रोलरला मोटरचा फिरणारा भाग कुठे आहे ते कळावं लागतं. ते सांगणारे छोटे सेन्सर मोटरच्या आत असतात. अनेक स्कूटर आणि ई-रिक्षांत ते हॉल सेन्सर असतात आणि त्यांची संख्या तीन असते.

याशिवाय मूठ किती पिळली, ब्रेक दाबलाय का, बॅटरीचं व्होल्टेज किती, करंट किती, आतलं तापमान किती, यावर कंट्रोलर सतत लक्ष ठेवतो. यातला एक आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की तो आधी ताकद कमी करतो. तरीही आकडा खाली आला नाही तर मोटर बंद करतो.

म्हणजे वर सांगितलेल्या प्रसंगात वेग २० वर आला, तेव्हा कंट्रोलर स्वतःला वाचवत होता. कारमध्ये अशा वेळी बऱ्याचदा कासवाचं चिन्ह दिसतं. ही अवस्था सूचना देते की गाडी हळू चालवत सुरक्षित जागी न्या आणि थांबा.

अलार्म वाजल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं?

सगळ्यात आधी रंग बघा. पिवळा किंवा नारिंगी दिवा म्हणजे सावधान, लवकर तपासा. लाल दिवा म्हणजे सुरक्षित जागा मिळताच थांबा.

त्यानंतर वास आणि आवाज. सीटखालून किंवा पायाखालून धूर, फुसफुस असा आवाज, गोडसर रसायनासारखा वास येत असेल किंवा बॅटरीचा भाग फुगल्यासारखा दिसत असेल, तर हा प्रश्न कंट्रोलरचा नाही. लिथियम बॅटरी धोक्यात असल्याची ती लक्षणं आहेत. अशा वेळी डिकी उघडू नका, सामान काढायला वाकू नका. सगळ्यांना घेऊन लांब जा आणि ११२ वर फोन करा.

मार्च २०२२ मध्ये पुण्यातल्या लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ देशभर फिरला होता. त्या उन्हाळ्यात देशात अशा अनेक घटना घडल्या आणि केंद्राने बॅटरीचे नियम कडक केले. दुचाकी-तीनचाकींसाठी एआयएस-१५६ आणि चारचाकी व मोठ्या गाड्यांसाठी एआयएस-०३८ ही मानकं सुधारण्यात आली. त्यांचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. बॅटरीत धोकादायक उष्णता वाढू लागली तर चालकाला आवाज आणि दिव्याने आधीच इशारा मिळावा, ही त्यातली एक अट आहे. म्हणून नव्या गाडीत बॅटरीचा अलार्म आणि कंट्रोलरचा अलार्म वेगळे ओळखता यायला हवेत. दोन्हींची चिन्हं गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असतात.

धूर-वास काही नसेल, तर गाडी बंद करण्यापूर्वी डिस्प्लेचा फोटो घ्या. कोड, बॅटरीची टक्केवारी, बाहेरचं तापमान दिसत असेल तर तेही. गाडी बंद केली की काही कोड पुसले जातात आणि मग मेकॅनिककडे फक्त 'बीप वाजत होतं' एवढंच सांगता येतं.

जंगलाच्या रस्त्यावर आणखी एक काळजी. ताडोब्याच्या आसपासचा पट्टा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल किंवा पलीकडे आरमोरी, देसाईगंज या भागांत वाघ-बिबट्यांचा वावर आहे. संध्याकाळी किंवा पहाटे गाडी बंद पडली तर रस्त्याकडेच्या झुडपाजवळ वाकून दुरुस्ती करत बसू नका. मोकळ्या, दूरवर दिसणाऱ्या जागेपर्यंत गाडी ढकला, इंडिकेटर चालू ठेवा आणि शक्य असेल तर येणाऱ्या गाडीला थांबवून सोबत घ्या. वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे.

कोड कसा वाचायचा?

नव्या स्कूटर आणि कारमध्ये कोड डिस्प्लेवर किंवा मोबाइल अ‍ॅपमध्ये दिसतो. ई-रिक्षा आणि साध्या स्कूटरमध्ये बऱ्याचदा कंट्रोलरवर एक छोटा एलईडी असतो किंवा बीपर असतो. तो ठरावीक पद्धतीने लुकलुकतो. उदाहरणार्थ, तीन वेळा लुकलुक, थोडा विराम, मग दोन वेळा लुकलुक, म्हणजे कोड ३-२. मोजताना एकदा चुकतंच, म्हणून मोबाइलवर अर्धा मिनिट व्हिडिओ काढा आणि नंतर शांतपणे मोजा.

इथे एक मोठी चूक होते. यूट्यूबवर सापडलेला कोडचा तक्ता दुसऱ्याच कंपनीच्या कंट्रोलरचा असतो. प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे. एका कंट्रोलरमध्ये ज्या आकड्याचा अर्थ 'व्होल्टेज कमी' असतो, त्याच आकड्याचा दुसऱ्यात अर्थ 'सेन्सर खराब' असू शकतो. कंट्रोलरवरच्या स्टिकरवरचं नाव आणि मॉडेल बघा, मगच तक्ता शोधा.

आणि तो तक्ता आधीच मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. आलापल्ली ते भामरागड किंवा एटापल्लीच्या आतल्या रस्त्यांवर नेटवर्क मिळेलच याची खात्री नसते, आणि अनेक अ‍ॅप नेटशिवाय कोडचा अर्थ दाखवत नाहीत. मॅन्युअलच्या त्या एका पानाचा फोटो गॅलरीत असणं पुरेसं आहे.

आता नेहमी दिसणारे अलार्म एकेक करून पाहू.

१. तापमानाचा अलार्म

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात हा सगळ्यात आधी आठवायला हवा. कंट्रोलरमधली उष्णता त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांमधून हवेत जाते. हवा जितकी गार, तितकी ती पटकन जाते.

साधा हिशोब करा. समजा कंट्रोलरचं बाहेरचं आवरण ८५ अंशांपर्यंत चालतं. हवा ३० अंशांची असेल तर फरक ५५ अंशांचा मिळतो. हवा ४६ अंशांची असेल तर फरक उरतो ३९ अंशांचा. म्हणजे तोच कंट्रोलर, तीच गाडी, पण उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता जवळपास ३० टक्क्यांनी कमी. हिवाळ्यात जो चढ सहज चढला, तिथेच मे महिन्यात अलार्म वाजतो तो यामुळे.

त्यात धूळ. घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूर, राजुरा भागात कोळशाची आणि सिमेंटची बारीक धूळ पट्ट्यांमध्ये बसते. गावाकडच्या गाड्यांत चिखल वाळून बसतो. हा थर उष्णता अडवतो.

काय करायचं: सावलीत २० ते ३० मिनिटं थांबा, सीट उघडी ठेवा. गरम कंट्रोलरवर पाणी ओतू नका. पाणी कनेक्टरमध्ये शिरतं आणि एका बिघाडाचे दोन होतात. गाडी गार झाल्यावर चाक उचलून हाताने फिरवा. ते मोकळं फिरत नसेल, घासल्याचा आवाज येत असेल, तर कारण ब्रेक किंवा बेअरिंग आहे. टायरमधली हवा बघा. हवा कमी असली की मोटरला जास्त जोर लावावा लागतो. घरी आल्यावर कोरड्या ब्रशने पट्ट्या साफ करा.

गाडी गार असताना, सकाळी सुरू करताक्षणीच तापमानाचा कोड आला, तर मात्र उष्णतेचा प्रश्न नाही. तापमान मोजणारा सेन्सर किंवा त्याची वायर तुटलेली असण्याची शक्यता जास्त आहे.

२. कमी व्होल्टेजचा अलार्म

सपाट रस्त्यावर गाडी ठीक, चढ आला की बीप, चढ संपला की पुन्हा ठीक. हे कमी व्होल्टेजचं नेहमीचं लक्षण. जोर लागला की करंट वाढतो आणि बॅटरीचं व्होल्टेज खाली बसतं. ते एका मर्यादेखाली गेलं की कंट्रोलर मोटर तोडतो.

लेड-अ‍ॅसिड बॅटरीच्या ई-रिक्षात सहसा १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडलेल्या असतात, एकूण ४८ व्होल्ट. कंट्रोलर साधारण ४२ व्होल्टला काम थांबवतो, म्हणजे प्रत्येक बॅटरीमागे १०.५ व्होल्ट. चारपैकी एकच बॅटरी कमजोर असली तरी सगळा गट खाली येतो. म्हणून चारही बॅटऱ्या बदलण्याआधी प्रत्येकीचं व्होल्टेज गाडीवर जोर असताना वेगवेगळं मोजून घ्या. तीन सारख्या आणि एक खूपच खाली असेल तर दोषी कोण ते कळतं. नवी बॅटरी घालताना मात्र ती बाकीच्या जुन्यांशी जुळेल का, हे विचारा.

बॅटरी चांगली असूनही अलार्म येत असेल तर जोड तपासा. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर, सैल नट, काळवंडलेला कनेक्टर, यातलं काहीही असेल तर तिथेच व्होल्टेज वाया जातं. गाडी चालवल्यावर एखादा जोड बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागत असेल तर तोच दोषी.

चार्जिंगचाही संबंध आहे. लिथियम बॅटरी साधारणपणे ४५ अंशांपेक्षा जास्त गरम असताना चार्ज करत नाहीत. दुपारी उन्हातून आणलेली गाडी लगेच चार्जिंगला लावली तर चार्जर थांबतो किंवा फार हळू चालतो आणि बॅटरी अर्धवट राहते. उन्हाळ्यात रात्री उशिरा किंवा पहाटे चार्ज करणं चांगलं. घराकडे विजेचा दाब कमी असेल तर चार्जिंग पूर्ण झालं का ते चार्जरच्या दिव्यावर बघून खात्री करा, तास मोजून नाही.

३. जास्त व्होल्टेजचा अलार्म

हा कमी वेळा येतो आणि लोकांना गोंधळात टाकतो. अनेक ईव्हीत ब्रेक मारताना किंवा उतारावर मोटर जनित्रासारखी चालते आणि वीज बॅटरीत परत पाठवते. बॅटरी १०० टक्के भरलेली असताना लगेच उतार लागला, तर ही वीज ठेवायला जागा नसते आणि व्होल्टेज वर चढतं. थोडं अंतर कापल्यावर अलार्म आपोआप गेला तर काळजीचं कारण नाही. घरापासूनच उतार असेल तर बॅटरी ९० टक्क्यांपर्यंत भरा. अलार्म सपाट रस्त्यावरही येत असेल तर चुकीचा चार्जर वापरला जातोय का ते तपासा.

४. ओव्हरकरंटचा अलार्म

मोटरने मर्यादेपेक्षा जास्त करंट ओढला की हा येतो. कारण बहुतेक वेळा डोळ्यांसमोर असतं. नियमानुसार ई-रिक्षात चालक सोडून चार प्रवासी आणि एकूण ४० किलो सामान नेता येतं. प्रत्यक्षात बाजाराच्या दिवशी त्यात धानाची पोती चढतात. तेंदूपत्त्याचा हंगाम तर नेमका एप्रिल-मेमधल्या कडक उन्हात येतो. ओझं आणि ऊन एकत्र आलं की आधी ओव्हरकरंट आणि पाठोपाठ तापमान, असे दोन कोड मिळतात. असे दोन कोड एकत्र दिसले तर आधी ओझं कमी करून बघा.

गाडी रिकामी असताना, मूठ जराशी पिळताच हा कोड येत असेल तर बिघाड गंभीर आहे. त्याची तपासणी पुढे सहाव्या मुद्द्यात दिली आहे.

५. थ्रॉटल, ब्रेक आणि स्टँड

गाडी सुरू होते, सगळे दिवे लागतात, पण हलत नाही. इथे कंट्रोलर बदलण्याआधी तीन फुकटच्या तपासण्या करा.

पहिली, चावी फिरवताना मूठ पिळलेली होती का? गाडी अचानक उडी मारू नये म्हणून कंट्रोलर अशा वेळी मोटर देत नाही. मूठ पूर्ण सोडा, चावी बंद करून पुन्हा चालू करा.

दुसरी, ब्रेक न दाबताही मागचा ब्रेक लाइट लागलेला आहे का? असेल तर ब्रेकच्या लिव्हरमधला स्विच अडकलाय. कंट्रोलरला वाटतं तुम्ही ब्रेक दाबलाय.

तिसरी, साइड स्टँडचा सेन्सर. चिखल बसला की स्टँड वर घेतल्यावरही गाडीला ते खालीच वाटतं.

मूठ तपासायची असेल तर मल्टिमीटर लागतो. थ्रॉटलच्या सिग्नल वायरवर मूठ सोडलेली असताना साधारण १ व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण पिळल्यावर साडेतीन ते सव्वाचार व्होल्टच्या दरम्यान दिसायला हवं. मध्येच आकडा उडी मारत असेल तर मूठ बदला. कंट्रोलरच्या तुलनेत ती खूपच स्वस्त असते.

६. हॉल सेन्सर आणि मोटरच्या वायरी

गाडी जागेवरून निघताना घरघरते, थरथरते, पण ढकलली की चालू लागते. हॉल सेन्सरच्या बिघाडाचं हे नेहमीचं लक्षण आहे. सेन्सर खराब असेलच असं नाही. मोटरकडून येणाऱ्या बारीक वायरींचा कनेक्टर ओला होणं, त्यात गंज चढणं किंवा उंदराने वायर कुरतडणं ही कारणं आधी तपासा. शेतघरात किंवा गोठ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांचा त्रास नवा नाही.

मेकॅनिक ही तपासणी अशी करतो. सेन्सरच्या लाल-काळ्या वायरीत ५ व्होल्ट येतात का बघायचं, मग चाक हळूहळू फिरवत तिन्ही सिग्नल वायरी एकेक करून मोजायच्या. प्रत्येकीवर आकडा शून्याच्या जवळ आणि ५ व्होल्टच्या जवळ असा आळीपाळीने बदलायला हवा. जी वायर एकाच आकड्यावर अडकते, तिथे दोष.

हब मोटरच्या स्कूटरसाठी, म्हणजे जिची मोटर चाकातच असते, आणखी एक जुनी आणि उपयोगी तपासणी आहे. गाडी पूर्ण बंद असताना मागचं चाक हाताने फिरवा. ते अडखळत, जड फिरत असेल आणि ब्रेक मोकळा असेल, तर मोटरच्या तीन जाड वायरी कंट्रोलरपासून सोडवायच्या आणि एकमेकींना टेकणार नाहीत अशा वेगळ्या ठेवायच्या. आता चाक मोकळं फिरलं तर कंट्रोलरमधला मॉसफेट जळलाय. तरीही जडच राहिलं तर बिघाड मोटरमध्ये किंवा तिच्या वायरीत आहे. या एका तपासणीने विनाकारण कंट्रोलर बदलण्याचा खर्च वाचतो. मात्र ती बॅटरी वेगळी करून, काही मिनिटं थांबून आणि माहीतगार माणसाकडूनच करून घ्या. कंट्रोलरमधले कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही काही काळ वीज धरून ठेवतात.

चाक असं जड झालेली गाडी दोरीने ओढत नेऊ नका. फिरणारी मोटर वीज तयार करत राहते आणि खराब कंट्रोलर आणखी जळतो. छोट्या हत्तीत चढवून न्या.

७. कम्युनिकेशनचा अलार्म

नव्या गाड्यांत बॅटरी, कंट्रोलर आणि डिस्प्ले एकमेकांशी बारीक वायरींवरून बोलतात. हे बोलणं तुटलं की गाडी थांबते. खड्ड्यांच्या रस्त्याने कनेक्टर सैल होणं हे एक कारण. दुसरं कारण बाहेरून बसवलेल्या वस्तू. जास्तीचे दिवे, हॉर्न किंवा जीपीएस बसवताना कुणीतरी मूळ वायर कापून जोड दिलेला असतो. अलार्म सुरू होण्याच्या आसपास गाडीत काही नवं बसवलं असेल तर आधी ते काढून बघा.

इलेक्ट्रिक कारमध्ये मोठ्या बॅटरीशिवाय एक छोटी १२ व्होल्टची बॅटरीही असते. ती कमजोर झाली की एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच इशारे एकाच वेळी दिसतात. अशा वेळी आधी तीच तपासा.

८. इन्सुलेशनचा अलार्म

हा प्रामुख्याने कार आणि बसमध्ये असतो. उच्च दाबाची वीज गाडीच्या सांगाड्यात गळतेय का, यावर गाडी लक्ष ठेवते. हा इशारा आला तर बंद-चालू करून बघायचं नाही, बॉनेट उघडून चाचपायचं नाही. ६० व्होल्टच्या वरचा डीसी धोकादायक मानला जातो आणि कारमध्ये तो काही शे व्होल्ट असतो. नारिंगी रंगाच्या जाड वायरींना प्रशिक्षित माणसाशिवाय कुणी हात लावायचा नाही.

पुराच्या पाण्यातून गाडी नेली तर?

पर्लकोटेचं पाणी पुलावर आलं आणि भामरागडचा संपर्क तुटला, ही बातमी पावसाळ्यात अनेकदा वाचायला मिळते. गोसेखुर्दमधून पाणी सोडलं की वैनगंगेकाठच्या देसाईगंज, आरमोरी, गडचिरोली भागात नाले भरतात. अशा वेळी 'माझी गाडी आयपी ६७ आहे' हा भरवसा फार कामाचा नाही.

आयपी ६७ याचा अर्थ तो भाग एक मीटर खोल, स्थिर, स्वच्छ पाण्यात ३० मिनिटं ठेवून तपासला आहे. वाहता पूर, गढूळ पाणी, तीन वर्षं जुनं रबर सील आणि कधीतरी उघडून पुन्हा बसवलेलं झाकण यांची ती चाचणी नाही. शिवाय बॅटरीला आयपी ६७ असलं म्हणून कंट्रोलरला किंवा कनेक्टरला ते असेलच असं नाही.

गाडी पाण्यात बुडाली असेल तर अलार्म नसला तरी ती सुरू करू नका आणि चार्जिंगला लावू नका. बॅटरी काढता येणारी असेल तर ती घराबाहेर, उघड्या जागेत ठेवा. पाणी शिरलेली लिथियम बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते. धुलाई केंद्रात जोरदार फवारा सीटखाली मारणंही टाळा. 'धुतल्यावर अलार्म सुरू झाला' असं असेल तर पाणी कनेक्टरमध्ये गेलंय हे गृहीत धरून ते आधी पूर्ण सुकवा.

काय अजिबात करायचं नाही?

अलार्म बंद करण्यासाठी तापमानाचा सेन्सर किंवा ब्रेकचा स्विच थेट जोडून टाकणं हा काही गॅरेजमध्ये चालणारा उपाय आहे. त्याने बीप थांबते, पण मॉसफेट जळेपर्यंत तापत राहतो, किंवा ब्रेक दाबल्यावरही मोटर जोर लावत राहते. फ्यूज उडाला म्हणून जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा नुसती तार टाकणंही तितकंच घातक. त्यानंतर जळण्याची पाळी वायरिंगची असते.

वॉरंटीतल्या गाडीचा कंट्रोलर बाहेर उघडू नका. सील तुटलं की कंपनीला दावा नाकारायला कारण मिळतं.

मेकॅनिकला काय सांगायचं?

कोडचा फोटो किंवा व्हिडिओ. अलार्म कधी आला, म्हणजे किती किलोमीटर चालल्यावर, चढावर की सपाटीवर, ऊन होतं की पाऊस. गाडीवर ओझं किती होतं. बॅटरी किती टक्के होती. थांबल्यावर आपोआप गेला की बंद-चालू करावं लागलं. त्याआधीच्या आठवड्यात गाडीत काय बदललं. ही माहिती मिळाली तर शोधाशोध निम्मी होते.

आणि एक प्रश्न विचारायचा: 'कंट्रोलर खराब आहे हे कशावरून कळलं?' उत्तरात मोजलेला आकडा किंवा चाकाची तपासणी असेल तर ठीक. 'बदलून बघू' असं उत्तर असेल तर थांबा. वॉरंटीत असूनही सर्व्हिस सेंटर दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. तिथेही तो पहिल्या दिवशी काढलेला फोटो कामी येतो.

मोसम बदलण्याआधी

मार्चमध्ये कंट्रोलरच्या पट्ट्या साफ करून घ्या, ब्रेक मोकळे आहेत का बघा, टायरची हवा आणि बॅटरीचे जोड तपासा. जूनच्या सुरुवातीला कनेक्टर, रबरी सील आणि वायरींवरचं आवरण बघा. अर्ध्या तासाचं हे काम आहे. बाकी, बंद-चालू केल्यावर अलार्म गेला तरी तो का आला होता हे त्याच आठवड्यात शोधा. एकदा आपोआप गेलेला अलार्म पुढच्या वेळी घरापासून चाळीस किलोमीटरवर, संध्याकाळी सहा वाजता, नेटवर्क नसलेल्या रस्त्यावर येऊ शकतो.